मासे धुणारी बाई

आमच्या लिफ्टमध्ये सध्या एक नोटीस डकवलेली आहे. 'पाणीटंचाई असताना काही सभासद दर रविवारी मासे धुण्यासाठी बादल्याच्या बादल्या पाणी वापरत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार त्वरित बंद करावा.' फ्लॅटचा नंबर घातलेला नाही, ही सेक्रेटरींची सभ्यता. पण अख्ख्या इमारतीत फिशटँक एकच आहे, आणि तो कोणाकडे आहे हे वॉचमनच्या कुत्र्यालाही माहीत आहे.

मासे धुण्यासाठी! तेही ऐन अधिक महिन्यात! तिसऱ्या मजल्यावरच्या आजी परवापर्यंत मला अनारशाचं पीठ देणार होत्या. काल लिफ्टमध्ये मी शिरले तशा त्या "मी जिन्याने जाते" म्हणाल्या. गुडघे बदलून घेतलेली बाई जिन्याने गेली! उलट शेजारच्यांच्या कामाच्या मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सुरमई कुठून आणता हो?" आमच्याकडे केकसुद्धा बिनअंड्याचा येतो.

तर मासे. मुलीच्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आले. आठ दिवसांत तिचा उत्साह संपला, मासे उरले. काचेच्या वाडग्यात ते गुदमरतात हे वाचून मी दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आणला. फिल्टर मागितला तर दुकानदाराने आधी उघडझाप करणारा शिंपला दाखवला, मग खजिन्याची पेटी, मग एक सांगाडा. फिल्टर सगळ्यात शेवटी. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर माझ्या मिक्सरपेक्षा महाग होता. काठावर टांगायचा फिल्टर पाणी जरा कमी झालं की रात्रभर नळ गळल्यासारखा वाजतो, आणि तसा नळ बाथरूममध्ये आधीच आहे. शेवटी एअर पंपावर चालणारा दोन बोळ्यांचा स्पंज फिल्टर घेतला. स्वस्त, दिसायला भांडी घासायच्या काथ्यासारखा.

ते दिसणंच नडलं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. स्पंजात वस्तीला आलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्यामानाने निरुपद्रवी असं नायट्रेट. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. मी पाच आठवडे लोणचं मुरवावं तसं ते पाणी मुरवलं, आणि सहाव्या आठवड्यात आमच्या मावशींनी तो स्पंज भांड्यांच्या साबणाने लख्ख धुऊन दोरीवर वाळत घातला. "किती घाण होती ताई त्यात!" ती घाण नव्हती हो, माझी पाच आठवड्यांची तपश्चर्या होती. स्पंज पिळायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंबरोबर हे गरीब जिवाणूही मारतं.

असो. मुख्य पात्र अजून यायचंय.

नोटीस लागायच्या आदल्या रविवारी सेक्रेटरी 'पाहणीसाठी' आले. दार मी उघडलं. हातात पाणी ओढायची नळी, कोपरापर्यंत शेवाळ.

"वहिनी, साहेब आहेत का?"

साहेब सोफ्यावर होते. साहेबांना फिल्टरचं बटण कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नाही. सेक्रेटरी त्यांच्यासमोर बसले आणि वही उघडली.

"साहेब, पाणी किती लागतं आठवड्याला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बारा-तेरा लिटर. टँकच्या पाव भाग. एक बादलीसुद्धा भरत नाही."

"असं होय," सेक्रेटरी नवऱ्याला म्हणाले. "पण साहेब, फिल्टर आहे ना? मग पाणी बदलता कशाला?"

साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी नायट्रेट समजावलं. फिल्टर विषाचं सौम्य विष करतो, ते साठत जातं, म्हणून काढावं लागतं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग माझ्या तोंडून गेलं, "अहो, संडासात नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागतं का? फ्लश करावाच लागतो ना?"

वहीत काहीतरी लिहिलं गेलं. तेच 'निदर्शनास' आलं असावं.

"साहेब, हे पांढरं काय आहे बरणीत?"

"मीठ असेल," साहेब म्हणाले. प्रथमच त्यांना उत्तर सुचलं होतं, आणि तेही चुकीचं. तो हायपो होता. पूर्वी डार्करूममध्ये फोटो धुताना वापरायचे तोच. चिमूटभर टाकला की क्लोरीन निकामी होतं.

"आमच्याकडे सात टप्प्यांचा आरओ आहे साहेब. त्याचं पाणी द्या माशांना. एकदम शुद्ध! बदलायलाच नको."

इथे मात्र मी नळी खाली ठेवली. आरओचं पाणी इतकं शुद्ध की त्यात माशाला हवे ते क्षारही उरत नाहीत. शिवाय एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर मोरीत जातं. म्हणजे माझ्या बारा लिटरमागे तीसेक लिटर वाया. "तुमच्या घरचं वाया गेलेलं पाणी धरलंत का वहीत?"

"ते वेगळं. ते पिण्याचं पाणी आहे," सेक्रेटरी म्हणाले, अर्थात नवऱ्याला.

"मग मासे काय करतात पाण्याचं?" मी विचारलं. गोड्या पाण्यातले मासे खरं तर पाणी पीत नाहीतच, ते कल्ल्यांतून आणि कातडीतून आपोआप आत शिरतं. पण हे मी बोलले नाही. हातचा मुद्दा कशाला घालवा?

मग मी दाखवलं की काढलेलं पाणी कुंड्यांना जातं, नायट्रेट म्हणजे खतच, जास्वंद बघा कशी फुललीय. सेक्रेटरी गॅलरीत गेले, वाकून खाली पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "साहेब, कुंड्या गळतात. दुसऱ्या मजल्याची तक्रार आहेच. तीही नोंदवून घेतो."

जाताजाता टँकपाशी थांबले. "साहेब, किती जगतात हे?"

"नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं," मी म्हटलं.

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात रविवार मोजत असावेत.

आता जरा खरं बोलू? वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह दिवाळीपासून गेलाय. रोज पहाटे पाणी धो-धो पोर्चवर पडतं, वॉचमन उठेपर्यंत. त्याची नोटीस नाही. सेक्रेटरींची पांढरी गाडी रोज सकाळी पाइपने आंघोळ करते, तिची नोटीस नाही. खडकवासल्याचं पाणी पुरत नाही म्हणून टँकर येतो. त्यातलं बोअरचं जड पाणी किटलीला पांढरा थर देतं आणि केस राठ करतं. त्यासाठी दरमहा वर्गणी वाढते, त्याचा हिशेब मागितला की 'पुढच्या सभेत'. टंचाईला जबाबदार कोण, तर दोन गोल्डफिश, ज्यांना धड पोटही नसतं. खरंच नसतं, गोल्डफिशला जठरच नाही. खाल्लेलं थेट आतड्यात. आमच्या कमिटीचं नेमकं उलट.

मी लेखी अर्ज दिला. मजकूर चुकीचा आहे, मासे धुतले जात नाहीत, आमचं घर शाकाहारी आहे, सबब दुरुस्ती व्हावी. अर्ज माझ्या सहीचा. उत्तर नवऱ्याच्या नावाने आलं. दुरुस्तीही झाली. काल बघते तर 'धुण्यासाठी' खोडून वर निळ्या बॉलपेनने 'आंघोळीसाठी' लिहिलंय.

आजींनी पीठ अजून दिलेलं नाही.

सध्या मी पाणी रात्री साडेअकराला बदलते, हॉलचा दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात. बादली साहेब धरतात. परवा कुंडीत पाणी घालताना म्हणाले, "हळू गं, दुसरा मजला जागा आहे."