आमचे बारा, त्यांचे बारा

लेक अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या व्हॅलेंटाइन गावात डॉक्टर म्हणून रुजू झाली. माझी उभी हयात पुणे जिल्हा परिषदेत गेलेली, त्यामुळे लेकीचं कौतुक नंतर, आधी प्रश्न: क्षेत्रफळ किती, लोकसंख्या किती? गाव ज्या चेरी काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, येतं तिचं क्षेत्रफळ निघालं साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आख्खा पुणे जिल्हाच की! लोकसंख्या, २०२०च्या जनगणनेत, ५,४५५. एखादं शून्य गळलं असेल म्हणून मी पुन्हा पाहिलं. गळलं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी तुळशीबागेत एवढी माणसं नुसती माझ्या पायावर पाय देऊन जातात.

व्हॅलेंटाइनच्या फुटपाथांवर लाल बदाम रंगवलेत आणि फेब्रुवारीत लांबलांबून लोक इथल्या टपालाचा शिक्का मिळावा म्हणून प्रेमपत्रं पाठवतात. पण गावाला नाव दिलंय ते एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाच्या खासदाराचं, आणि काउंटीला सॅम्युअल चेरी नावाच्या लेफ्टनंटचं. गाव प्रेमाचं नाही, काउंटी फळाची नाही. सरकारी नामकरण बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तिथे जाऊन आठवडा झाला नाही तोच लेकीच्या ओळखीतल्या एका रँचवाल्या बाईंनी आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. कोडी गावाजवळ, दुपारी बारा वाजता. "इथंच आहे, हायवे वीसवर," असा निरोप. आपल्याकडे खेड्यात "हे काय, टेकाडामागं" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. इथंच म्हणजे साठेक किलोमीटर. पुणे-लोणावळा समजा, फक्त वाटेत चिक्कीचं एकही दुकान नाही.

लेकीला ड्यूटी होती. ती निघताना म्हणाली, "बाबा, घड्याळाकडे लक्ष ठेवा हं." मी म्हटलं, "पस्तीस वर्षं मस्टरवर सही केली आहे. मला घड्याळ शिकवू नकोस."

रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना गवताळ वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर गाई. मांसासाठी पाळलेल्या गाई अमेरिकेत सगळ्यात जास्त याच काउंटीत, त्यामुळे आमच्याकडे बघणारं जे कोणी होतं ते रवंथ करत होतं. क्रूकस्टन आलं-गेलं. किलगोर आलं-गेलं. नेन्झेलमध्ये २०१०च्या जनगणनेत माणसं भरली होती वीस. एवढ्या हजेरीवर आमच्या सोसायटीची सभा तहकूब होते, इथे तेवढ्यावर गाव चालतं!

समोरून गाडी यायची ती दहा मिनिटांतून एक, पण प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. पहिल्या वेळी मी गाडी बाजूला घेऊन चाकं तपासली. दुसऱ्या वेळी दिवे. तिसऱ्या वेळी ही म्हणाली, "अहो, नमस्कार करतायत ते." मग मीही बोट उचलायला लागलो. पहिल्या काही वेळा चुकीचं बोट उचलत होतो, असं नंतर लेकीनं सांगितलं.

बरोबर पावणेबाराला पोचलो. म्हणजे माझ्या मनगटावर पावणेबारा. फोन पावणेअकरा दाखवत होता, तेव्हा फोन बिघडला हे उघडच होतं. बेल वाजवली. बाई आल्या त्या घरातून नाही, गोठ्याकडून. गुडघ्यापर्यंत बूट, बुटांवर शेण, हातात वासराला पाजायची बाटली. आमच्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही सेंट्रलवर आलात!"

तर झालं होतं असं की या एकाच काउंटीत दोन वेळा चालतात. पूर्वेकडचं व्हॅलेंटाइन सेंट्रल टाइमवर, पश्चिमेकडचं कोडी माउंटन टाइमवर, एक तास मागे. अहो, पुण्यात बारा आणि लोणावळ्यात अकरा असते, तर आमच्या झेडपीत एकही बैठक झाली नसती. (तशाही फार होत नसत, पण निदान कारण तरी पटण्यासारखं असतं.)

मी दारात ओशाळून उभा. ही मात्र कऱ्हाडची. रेशमी साडीचा पदर खोचला, बाटली हातात घेतली आणि वासरासमोर बसली. दोघी तासभर गाईंविषयी बोलल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी बेताचं, पण अडलं कुठेच नाही. मला बटाटे सोलायला दिले. लेकीनं आधीच कळवल्यामुळे त्या घरात आम्हा दोघांपुरता बिनमांसाचा स्वयंपाक झाला. तो बाईंच्या नवऱ्यानं बराच वेळ सहानुभूतीनं न्याहाळला.

परत निघालो तीनला, वाटेत पाऊण तास, घरी पोचलो पावणेपाचला. मधला तास कुठे गेला याचा हिशेब हिला पटेना. बीपीची गोळी कुठल्या चारला घ्यायची, यावर आमचं जे झालं त्यानं बीपी आपोआपच कळलं.

पंधरा दिवसांनी लेकीबरोबर पुन्हा कोडीला गेलो. तिथलं किराणा दुकान शाळेतली मुलं चालवतात, इमारतीच्या भिंती गवताच्या पेंढ्यांच्या. मला ते बघायचंच होतं. मी दह्याचा डबा गल्ल्यावर ठेवला. गल्ल्यावरच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, तासाभरानं येणारे ते तुम्हीच ना?"

लेक म्हणाली, "तासभर आधी येणारे."

"हो, तेच," पोरगा म्हणाला. "आणि काकूंचं वासरू मजेत आहे म्हणून सांगा."

मी एक बोट उचललं. या वेळी बरोबर उचललं.