न भांडणारी मंडळी

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच चर्चा: कमिटीची निवडणूक, गटबाजी, वर्गणीचा हिशेब, आणि या सगळ्याला वैतागून नव्या फेलोशिपांकडे, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-गटांकडे, निघालेली तरुण पोरं. त्यातल्या एकाने लिहिलं, आत्म्याचं तारण कमिटीमुळे होत नाही, बायबल घरीही वाचता येतं. त्याला भरपूर अंगठे मिळाले. त्याला एकदा मी राहतो त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टचा रविवार दाखवायला हवा.

इथे वर्गणी मागायला कुणी दारात येत नाही. शहरात नाव नोंदवताना धर्माचा रकाना असतो. तिथे प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चकर आपोआप कापला जातो: आमच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के, बहुतेक इतर राज्यांत ९. चर्चच्या संस्थांच्या बालवाड्या, वृद्धाश्रम, इस्पितळं उत्तम चालतात, ते मान्यच. बाकं मात्र रिकामी. सोडून जायचं तर सरकारी कचेरीत सही केली की झालं, पाळकाला, म्हणजे पास्टरला, तोंडही दाखवावं लागत नाही. २०२३ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून साडेसात लाखांवर लोक असे बाहेर पडले. लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांचा संताप त्यामागे आहे, कराचा कंटाळाही. माझ्या शेजाऱ्यानेही सोडलं. त्याला एक पत्र आलं, बस. भांडायलासुद्धा कुणी आलं नाही.

नगरला आमच्याकडे कापणीच्या सणाला उपासनेनंतर भोपळे, कणसं, कोंबड्यांचा लिलाव होतो. घेतलेली कोंबडी आजी तिथेच परत दान करायची, पुन्हा बोली लागायची. निवडणुकीत वडिलांविरुद्ध उभे राहिलेले काका आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी प्रार्थनेला यायचे, आणि डोळे मिटून प्रार्थनेतच वडिलांना टोमणा मारायचे. तरी यायचे. संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचनं मी कधीच विसरलो असतो, पण क्षमा म्हणजे काय ते मी या माणसांकडे बघून थोडंफार शिकलो.

म्हणून सगळं छान आहे असं नाही. सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याआधीची जात अजून हळूच काढली जाते, आणि त्यावर व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. हिशेब मागणारा लगेच बंडखोर ठरतो. खरं तर बंडाची परंपरा आपलीच. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली. पण मंडळीला कंटाळून त्यांनीही काढला तो दरबारच, एकट्याची खोली नव्हे. त्यांची भजनं आजही ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातून आपण एकत्रच गातो.

ग्रुपवर तसं लिहिणाऱ्या त्या पोराने फेलोशिपला जरूर जावं. आधी मात्र वार्षिक सभेत उभं राहून हिशेबाची वही मागावी. आणि ज्येष्ठांनी पुढच्या कमिटीत त्यालाच खजिनदार करावं. आरडाओरडा होईल. होऊ दे.