वृंदावन आणि एक्कावन्न बाटल्या

आमच्या घरात दारूची बाटली पहिल्यांदा आली ती एकदम एक्कावन्नांच्या घोळक्यानं. आणि आणली मी. सासूबाई माळकरी, नवरा खोकल्याच्या औषधानंही झिंगणारा आणि मी सहावीला गणित शिकवणारी. म्हणजे तोवर घराण्याला डाग असा नव्हता.

खूळ डोक्यात शिरलं चंदीगडला, रॉक गार्डन बघताना. नेकचंद नावाच्या एका सरकारी रस्ते-निरीक्षकानं १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबशा आणि असलंच भंगार जमवून जंगलात लपूनछपून अख्खी नगरी उभारली. सरकारला पत्ता लागला तो १९७५ मध्ये.

"अठरा वर्षं सरकारपासून लपवलं!" मी भारावून म्हणाले.

"सरकारचं सोपं असतं," नवरा म्हणाला. "आपल्याकडे आई आहे."

तरी नाशिकला परतल्यावर मी टेप घेऊन अंगणात उतरलेच. तुळशीवृंदावनाभोवतीचा वाफा नुसता उघडाबोडका होता. बाटल्या उलट्या पुरून त्याला काठ करायचा, उन्हात काच चमकेल, आत झेंडू फुलेल, असा बेत. परीघ १२ फूट, म्हणजे ३६६ सेंटिमीटर. बाटलीचा व्यास साडेसात. भागाकार ४८.८. बाटली दशांशात मिळत नाही, म्हणून ४९. (पावात मिळते, हे नंतर भंगारवाल्याकडून कळलं.)

भंगारवाल्यानं मला धंद्याची बाराखडी शिकवली. बिअरची बाटली नगावर जाते, कारण ती धुऊन परत भरतात. वाइनची त्याच्याकडे किलोवर, काचेच्या भावात. "वाइनचीच घ्या मॅडम, नाशकात काय तोटा?" एका अंगाला रामकुंड आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षांचे मळे असलेल्या गावात हा सल्ला चुकीचा नव्हता. मी ३० वाइनच्या आणि १९ बिअरच्या निवडल्या. त्यानं "शुभ आकडा होऊ द्या" म्हणत आणखी दोन घातल्या.

तारखेत मात्र गणिताच्या बाईंनी माती खाल्ली. शाळेतलं झेंडावंदन उरकून, तशीच काठापदराच्या साडीत मी गेले होते. स्कूटरवर पायांशी एक गोणी, मागे बांधलेली दुसरी. सिग्नलच्या अलीकडच्या गतिरोधकावर दोन्ही गोण्या एका सुरात बोलल्या. शेजारच्या मोटरसायकलवर माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे बाबा. त्यांनी गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आज एक मे. ड्राय डे ना?"

"रिकाम्या आहेत हो," मी घाईघाईनं म्हणाले.

"इतक्यात?"

सिग्नल सुटला म्हणून वाचले.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "तुळशीभोवती दारूच्या बाटल्या?" एवढंच म्हणाल्या आणि माळ ओढत आत गेल्या. तासाभरानं अटी बाहेर आल्या: लेबलाचं अक्षरही राहता कामा नये, प्रत्येक बाटली कढत पाण्यातून निघाली पाहिजे, आणि पुरण्याआधी गोदावरीचं पाणी शिंपडायचं. प्रायश्चित्त बाटल्यांना होतं की मला, ते कळलं नाही.

बिअरची लेबलं गुणी. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर ठेवली की आपण होऊन तरंगतात. वाइनची लेबलं म्हणजे घरजावई. वरचा कागद जातो, खालचा चिकटा जन्माचा राहतो. त्याला तेल लागतं. मी चार दिवस मांडी घालून बाटल्यांना खोबरेल चोळत होते. बाळंतिणीलाही इतकं मालिश कोणी करत नसेल. नवरा मदत म्हणून लेबलं मोठ्यानं वाचायचा. एकीवर चवीचं वर्णन होतं, पेरू आणि हिरवी मिरची.

"म्हणजे कोशिंबीर," आतून सासूबाईंचा आवाज आला.

वरकड दोन बाटल्या कापून दिवे करायचे होते. कृती ऐकायला सोपी आहे. बाटलीला सुतळी गुंडाळायची, ती नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवून पेटवायची आणि विझत आली की बाटली गार पाण्यात बुडवायची. काचेतून उष्णता भराभर पसरत नाही, त्यामुळे तेवढीच रेघ तापते आणि गार पाणी लागताच तिथंच तडकते. पहिली बाटली तडकली, पण रेघ सोडून सगळीकडे. दुसरी तडकलीच नाही, बादली तडकली. त्या प्लास्टिकच्या बादलीचा उल्लेख आमच्याकडे अजूनही "ती चांगली बादली" असा होतो.

पुरणं मात्र झकास जमलं. माळीकाका म्हणाले होते, "ताई, काळी माती हाय, खाली मुरूम टाका." मी टाकला नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, हे मी भूगोलाच्या तासिका बदलीवर घेताना स्वतः शिकवलं आहे. जूनच्या अखेरीस ४९ बाटल्या सैल झालेल्या कवळीसारख्या दिसायला लागल्या, काही आत, काही बाहेर, दोन तर एकमेकींच्या गळ्यात. सगळं उपटून, मुरूम टाकून पुन्हा पुरलं. माळीकाका काही बोलले नाहीत. नुसते तंबाखू मळत बघत होते.

जुलैत महापालिकेच्या एक ताई डासांच्या अळ्या तपासायला आल्या. टॉर्च मारला, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. वाइनच्या बाटलीच्या बुडाला आत खोलगट खळगा असतो. बाटली उलटी केली की त्याची वाटी होते. डेंगीच्या डासाला चमचाभर स्वच्छ पाणी पुरतं आणि मी त्याच्यासाठी ३० वाट्यांची पंगत मांडली होती.

"आठवड्याला पालथ्या करत जा," ताई म्हणाल्या.

"पालथ्याच आहेत हो," मी म्हणाले. "तोच तर घोटाळा आहे."

मग प्रत्येक वाटीत वाळू दाबून भरली. ही युक्ती सासूबाईंची, आणि त्यानंतर त्या काठावर त्यांचा हक्क लागला. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला त्यांनी स्वतः ३० वाट्यांत ३० पणत्या टेकवल्या. वाळूत पणती हलत नाही. हिरव्या काचेतून उजेड झिरपत होता, ऊस उभा होता, शेजारपाजारचे मोबाईल काढून फोटो घेत होते. "सरबताच्या बाटल्या हो," सासूबाई प्रत्येकाला न विचारता सांगत होत्या.

मंगलाष्टकं झाली. गुरुजी अक्षता टाकून जरा टेकले. वाफ्याकडे निरखून बघत त्यांनी एका पणतीखाली बोट लावलं.

"हिचा खळगा बाकीच्यांपेक्षा खोल आहे," ते कौतुकानं म्हणाले. "शॅम्पेनच्या जातीतली दिसते. या सगळ्या वाइनच्या, पण मधेमधे बिअर का घातलीत? मेळ जात नाही."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. मग दक्षिणेच्या पाकिटातली एक नोट हळूच काढून कनवटीला लावली.