‘खुर्चीत बसून सल्ले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जमीन दोनच एकर असेल तर गुरं चरायला सोडू नका, वैरण कापून गव्हाणीत टाका’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय: “खुर्चीत बसूनच असले सल्ले सुचतात. कधी गुरांमागे फिरला असतात तर कळलं असतं. बांधलेल्या गाईचे खूर वाढतात, तिचा माज (फळवायची वेळ) ओळखू येत नाही आणि रोज वैरण कापणाऱ्याची मजुरी तर तुम्ही धरलेलीच नाही.”

खुरांचं मान्य. चालणं नसलं की खूर झिजत नाहीत, मग ते साळून घ्यावे लागतात. लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं.

पण ‘कधी गुरांमागे फिरला असतात तर’? मुद्दा मांडा की, समोरच्याची लायकी कशाला काढता? आठव्या वर्षापासून दहावी होईपर्यंत शाळा सुटली की कासरा माझ्याच हातात असायचा. एकदा मी झाडाखाली पुस्तकात डोकं घालून बसलो आणि आमची गाय कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यात शिरली. पावसाने ओढ दिलेली, फुटवे वीतभर. थोड्याच वेळात ती धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, मग पाय ताठ करून आडवी झाली. डॉक्टर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. किराळ लागली होती. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीतून पोटात हायड्रोसायनिक आम्ल नावाचं विष तयार होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. आईने मात्र सवयीने धारेची बादली घासून ठेवली होती, ती रात्रभर तशीच पालथी पडून होती.

हे मी खुर्चीत बसून शिकलो नाही, एवढं तरी मान्य कराल?

आता हिशेब. लेखात तो होता, पण पुन्हा सांगतो, कारण तुम्ही तिथवर पोचलेला दिसत नाही. ४०० किलोंच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण २५ किलो हिरवी वैरण आणि ५-६ किलो कडबा लागतो, खुराक वेगळा. पाणी आणि शेणखत वेळेवर मिळालं तर संकरित नेपिअर हे चाऱ्याचं गवत एकरी वर्षाला ६० टन हिरवा चारा देतं. म्हणजे १० गुंठ्यांत १५ टन, दिवसाला सरासरी ४० किलो. त्याच १० गुंठ्यांत गाय मोकळी सोडून बघा. निम्मं ती तुडवेल, शेण पडलेल्या जागेला तोंड लावणार नाही आणि नवा फुटवा वर यायच्या आत ओरबाडून टाकेल. कुट्टी करून दिलेल्या वैरणीतली किती गव्हाणीत शिल्लक राहते, ते एकदा डोळ्यांनी पाहा आणि मग लिहा.

माजाचं म्हणाल, तर मुक्त गोठा करा, म्हणजे गुरं न बांधता कुंपणात मोकळी ठेवा, तेवढा प्रश्न उरत नाही. आणि मी ‘बांधून ठेवा’ असं कुठे लिहिलंय? ‘चरायला सोडू नका’ असं लिहिलंय. मजुरीचं म्हणाल, तर एवढ्याशा शेतीत घरचीच माणसं राबतात, त्यात धरायचं ते काय? शिवाय गुरं राखणाऱ्याचा दिवसही फुकट नसतो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तुमच्याकडे जमीन किती आणि जनावरं किती, हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मोठं कुरण असेल तर खुशाल चारा, माझा लेख तुमच्यासाठी नव्हताच.