तपासणी येतेय, लेबर रूम आवरा

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या प्रसूती विभागाचा चार्ज तुमच्याकडे आला असेल तर आधी अभिनंदन. घाबरू नका. बाळंतपणं बाया पूर्वापार करत आल्यात. तुम्हाला सांभाळायची आहे ती फाइल.

लेबर रूम आणि प्रसूतीच्या थिएटरचा दर्जा सुधारावा म्हणून केंद्र सरकारने २०१७ साली ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला. ७० टक्क्यांवर गुण मिळाले की सिल्व्हर, ८० वर गोल्ड, ९० वर प्लॅटिनम. कार्यक्रम चांगला आहे, म्हणूनच जपून. मनापासून राबवला तर त्याची सवय लागते, आणि पुढच्या माणसाला जड जातं. तपासणीची टीम यायच्या आदल्या रात्री पडदे बदला, साबण भरा, हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं पोस्टर बेसिनवर लावा. नळाला पाणी आहे की नाही ते पोस्टरवरून दिसत नाही.

खरं कौशल्य पार्टोग्राफमध्ये, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्या आलेखात आहे. कळा चालू असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजायचे, कळा मोजायच्या, चार-चार तासांनी गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते बघायचं आणि तिथल्या तिथं आलेखावर मांडायचं, म्हणजे अडलेलं बाळंतपण वेळेत कळतं, असं पुस्तकात आहे. तुम्ही तो बाळंतपण आटोपल्यावर, चहा घेऊन, एकाच पेनाने भरा. रेष कशी सुतात येते बघा! ठोके रात्रभर १४०. कळा चालू असताना भरलेला आलेख वाकडातिकडा निघतो, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘इथं धोक्याची रेष ओलांडली, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असले प्रश्न यायला जागाच ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीच्या यादीत २९ मुद्दे आहेत आणि ते चार वेळा थांबून तपासायचे असतात. तुम्ही एकदाच थांबा, डिस्चार्जच्या दिवशी.

आता रक्त. बाळंतपणानंतर ५०० मिलीच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव, आणि तिथून पुढे वेळ फार थोडा असतो. म्हणून मोजू नका. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्यात मिसळलेलं, फरशीवरून पुसून घेतलेलं, सगळ्याचा मिळून नजरेने अंदाज घ्या आणि ‘२०० मिली’ लिहा. आफ्रिकेतल्या चार देशांत २ लाखांहून जास्त बाळंतिणींवर याचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. कमरेखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली, रक्त खरोखर मोजलं, आणि जास्त दिसताच मालिश, औषध, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू केलं. गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटला. साध्या पिशवीने! इतक्या स्वस्त वस्तूचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करणार? तेव्हा राहू द्या.

बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात आईला रक्तस्राव आवरणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं असतं, आणि ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आपला फ्रिज आहेच, चहाचं दूध आणि सिस्टरांचे डबे ठेवायला. इंजेक्शनला खिडकीतली ट्रे पुरते. औषध निकामी झालं तर ते वरून ओळखू येत नाही, ही केवढी सोय.

बाईसोबत तिच्या ओळखीचं एक माणूस असावं, असं सरकारही म्हणतं. जवळचं माणूस असलं की ती धीराने कळा देते. पण तेच माणूस बघतंही ना! तिच्या आईला बाहेर बाकड्यावर बसवा, आणि पोरगी ओरडली तर आपल्या विभागाची ती ठरलेली वाक्यं आहेतच. ‘तेव्हा नाही ओरडलीस’ हे त्यातलं सगळ्यात सभ्य. (बाकीची इथे छापता येत नाहीत. वॉर्डात मात्र मोठ्याने म्हणता येतात.)

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण, जाणं-येणं मोफत केलंय. ते भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा आणि त्याच भिंतीला टेकून ‘हे एवढं मेडिकलातून आणा’ म्हणून चिठ्ठी लिहा. पेढ्याचे पैसे वेगळे. मुलगी झाली तर निम्मे घ्या, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

केस बिघडायला लागली की पुढे पाठवा. पुढच्या दवाखान्याला फोन करू नका; फोन केला तर तिथले लोक रक्त तयार ठेवतात आणि मग आपण नेमकं किती वाजता पाठवलं हे त्यांच्या वहीत राहतं.

एवढं करूनही कधी आई गेलीच, तर मातामृत्यूची चौकशी होते. त्यात तीन उशीर बघतात: घरच्यांनी ठरवायला केलेला, रस्त्यात झालेला आणि दवाखान्यात पोचल्यावर झालेला. पहिले दोन तोंडपाठ करून जा. बाई पाटणच्या डोंगरातली असेल तर घाट आणि पाऊस सांगा. कोयनेच्या पाण्यापलीकडची असेल तर लाँच चुकली म्हणा. सासू असतेच, तिच्यावरही थोडं टाकता येतं. तिसऱ्या उशिराचा विषय निघायला लागला की चहा मागवा, सोबत कंदी पेढे. साताऱ्यात आलेला पाहुणा पेढा तोंडात असताना सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही.