पूर बघायला येऊ नका!

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांकडे सरकलं, की सांगलीतल्या आमच्या नदीकाठच्या गल्लीत झुंबड उडते. पूर बघायला येणाऱ्यांची! अहो, जत्रा भरलीय का इथं? आम्ही फ्रिज वरच्या मजल्यावर चढवतोय, आजारी सासूबाईंना खुर्चीत बसवून बाहेर काढतोय आणि तुमच्या गाड्या बोळाच्या तोंडाशी आडव्या! सामानाचा टेम्पो आत यायचा कुठून? परवा एकानं भेळ खात विचारलं, ‘‘काकू, 2019 ला कुठवर होतं पाणी?’’ भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्याही वर हातभर. तर तिच्याखाली उभं राहून त्यानं सेल्फी काढली! त्याच रेघेखाली माझ्या लेकीच्या दहावीच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. गाडी काढा आधी!