खुलासा: ‘गोळी झाडणाऱ्यालाच शिक्षा’ हा मेसेज चुकीचा आहे

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नव्या कायद्यात कलम ३४ गेलं. टोळीच्या गोळीबारात ट्रिगर दाबणाऱ्यालाच शिक्षा, गाडी चालवणारा सुटतो.’ हे खरं नाही.

नवा कायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता, ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ मधली तरतूद तिच्यात कलम ३(५) म्हणून कायम आहे. सगळ्यांचा इरादा एक असेल, तर कृत्य एकट्यानं केल्यासारखा प्रत्येक जण जबाबदार. १९२३ मध्ये कलकत्त्यात एका पोस्टमास्तरला गोळ्या घालून मारलं. आरोपी म्हणाला, मी तर बाहेर अंगणात उभा होतो. तसं असलं तरी तो खुनात दोषीच, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं दिला. तोच नियम आजही चालतो.

नुसतं तिथं हजर असणं मात्र पुरेसं नाही. सामायिक इरादा सिद्ध व्हावा लागतो. दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं जातं. भूमिका, वय, आधीचे गुन्हे पाहून न्यायाधीश फरक करू शकतात, पण खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षा नाहीच. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा लागला, तर जामीनही फार कठीण.

मला काळजी आहे ती ‘तू फक्त गाडी चालव, तुला काही होत नाही’ असं ऐकणाऱ्या पोरांची. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.